रिकाम्या भांड्याचं वजन

१

मापाडीच्या बायकोची नजर गेली त्याला दोन वर्षं होत आली होती, आणि या दोन वर्षांत नवराबायकोत काही कुरबुर झाली असेल तर ती फक्त सिनेमावरून.

मापाडी हे त्याचं खरं नाव नव्हे. तो वजनमापे खात्यात निरीक्षक होता. एकतीस वर्षं दुकानोदुकानी हिंडून त्याने तराजू, काटे आणि लिटरची मापं तपासली. पुढे पुढे घरीही दुधाच्या पातेल्यात पट्टी बुडवून बघायला लागला, तेव्हा बायकोनेच त्याला हे नाव ठेवलं. मग ते शेजारी गेलं, खात्यात गेलं, आणि मुलगीसुद्धा लाडात आली की ‘मापाडीबाबा’ म्हणू लागली. तो निवृत्त झाला, नाव काही निवृत्त झालं नाही.

बायको शाळेत चित्रकला शिकवायची. डोळ्यांतली नस सुकत गेली तशा आधी दिसण्याच्या कडा गेल्या, मग मधलंही गेलं. पण शनिवारी संध्याकाळी घरी एक सिनेमा बघायचा हा दोघांचा जुना नेम तिने मोडू दिला नाही. फरक एवढाच, की आता मापाडी शेजारी बसून सगळं सांगायचा. “आता तो जिना चढतोय. आता तिने मागे वळून पाहिलं. हातात काहीतरी आहे, बहुतेक चाकू.”

“अहो, गप्प बसा बघू!” एकदा ती वैतागलीच. “तुम्ही सांगायला लागलात की मला सिनेमा दिसत नाही, तुम्हीच दिसता. हातवारे करत बसलेले.”

“मग तुला कळणार कसं?”

“ऐकू येईल तेवढं कळेल की. पण या टीव्हीत सगळी माणसं एकाच डब्यात कोंबल्यासारखी बोलतात. जरा लांब लांब उभी करा त्यांना. मग दिसतील मला.”

हे बोलणं मापाडीच्या मनात घर करून बसलं. बायकोला गेलेली नजर परत देणं त्याच्या हातात नव्हतं, पण माणसं लांब लांब उभी करणं नक्कीच होतं. महिनाभर त्याने पत्रकं गोळा केली, वहीत रकाने आखले, हॉलची लांबी-रुंदी इंचाइंचापर्यंत लिहिली, आणि एका सकाळी बायकोचा हात धरून होम थिएटरच्या दुकानात गेला.

दुकानदार सडपातळ, कानामागे पेन्सिल, आणि बोलणं असं हळू की शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं. त्याने दोघांना जाड पडद्यांच्या खोलीत बसवलं.

“रिसीव्हर हा या सगळ्याचा मेंदू,” तो म्हणाला. “सिनेमातला कुठला आवाज कुठल्या स्पीकरला द्यायचा, हे तो ठरवतो. आता मला सांगा, पाच स्पीकरचा हवा की सातचा? सोफ्याच्या मागे भिंत किती लांब आहे?”

“दोन फूट सात इंच,” मापाडीने वही न उघडता सांगितलं.

“मग पाचच घ्या. एवढ्याशा जागेत मागे आणखी दोन लावले, तर मानेवर कुणी श्वास सोडतंय असं वाटत राहतं.”

स्पीकर मात्र बायकोने निवडले. कमरेएवढ्या उंच जोडीवर दुकानदाराने एका बाईचं गाणं लावलं. तिने ओळभर ऐकून नाक मुरडलं. “गोड आहे, पण खोटं आहे. ही बाई एवढी जाड नाही.” मग फळीवर मावतील अशी छोटी जोडी लागली. ती थोडी पुढे झुकली. “ही खरी. हिला सर्दी झालीय, ऐकलंत का? नाकातून गातेय.”

दुकानदार हसला. “काकू, तुमचे कान ठेवून जा आमच्याकडे.”

रिसीव्हर दोन उरले. त्यातल्या एकाबरोबर बोटाएवढा माइक मिळत होता. “हा खोलीचं माप घेतो,” दुकानदार म्हणाला. माप म्हटल्याबरोबर मापाडी सरसावून बसला. “प्रत्येक खोली आवाजात लुडबुड करते. पडदा थोडा गिळतो, काच थोडा उलटा फेकते. हा एकेका स्पीकरमधून शिट्टी वाजवतो, माइकमधून ऐकतो, आणि खोलीने काय काय घातलं ते वजा करून टाकतो. उरतो तो नुसता सिनेमा.”

“म्हणजे रिकाम्या भांड्याचं वजन!” मापाडी खूश झाला. “तेल मोजायचं तर आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायचा, काटा शून्यावर आणायचा, मग तेल ओतायचं. डब्याचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी का मारायचं?”

“अगदी तेच, साहेब.”

“झालं,” बायको म्हणाली. “आता हा दुसरा बघणारच नाहीत. चला घरी.”

२

गुरुवारी दुकानदार स्वतः आला. पुढे दोन, टीव्हीखाली एक, सोफ्याच्या दोन बाजूंना जरा मागे दोन, आणि कोपऱ्यात बेसचा डबा. वायरी पट्टीत लपवल्या. मग त्याने सोफ्यावर बायकोच्या जागी छोटा स्टँड ठेवला, त्यावर माइक बसवला आणि सगळ्यांना बाहेर काढलं. भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून मापाडीच्या हातात दिलं.

“घड्याळाने काय घोडं मारलंय?”

“मोजताना जे जे ऐकू येईल ते सगळं यंत्राला खोलीचंच वाटतं. त्याला काय कळतंय, कपाट कोणतं आणि माणूस कोण.”

तिघं स्वयंपाकघरात गुपचूप उभे राहिले. हॉलमधून एकेक शिट्टी आली. खर्जातून सुरू होऊन पार वर चढत जाणारी. पाच मिनिटांत काम झालं, दुकानदार चहा पिऊन गेला.

मापाडीच्या मनाला मात्र ते पटेना. रात्री जेवताना तो दोनदा म्हणाला, “खुर्ची रिकामी ठेवून कसलं माप?” सकाळी उठल्यावर त्याने रिमोट हातात घेतलाच.

“तू बस तुझ्या जागेवर,” तो बायकोला म्हणाला. “ऐकणार तू. तुझं डोकं, तुझे खांदे, तुझी शाल हे सगळं तिथे असणार. मग माप तुझ्यासकट नको घ्यायला? नाहीतर ते खोटं माप.”

“ते दुकानदार नको म्हणाले होते ना?”

“त्याला विकण्यातलं कळतं. मोजण्यातलं मला विचार.”

ती हसून बसली. माइक त्याने तिच्या कानाशी, शालीला चिमट्याने लावला. “पुतळ्यासारखी बसू?” “श्वासही जपून घे.” तो स्वतः बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभा राहिला. एक शिट्टी झाली, दुसरी झाली. चौथी चढत असताना हॉलमधून तिचा आवाज आला, “संपलं का हो?”

मापाडीने दारातूनच डोळे वटारले, जणू तिला दिसणार होते. पण यंत्राने काही तक्रार केली नाही. टीव्हीवर अक्षरं उमटली: माप पूर्ण झालं.

३

त्या शनिवारचा सिनेमा मापाडी जन्मात विसरणार नव्हता. त्याने पडद्याकडे पाहिलंच नाही, तो बायकोकडे बघत राहिला. घोडागाडी डावीकडून उजवीकडे गेली आणि तिची मान बरोबर तिच्यामागे फिरली. पाऊस आला तेव्हा तिने तळहात वर केला. “दार त्या बाजूला आहे ना?” ती म्हणाली. “तो आत आला. उंच आहे, नाही? आणि थकलाय.” तिच्या डोळ्यांना धार लागली होती. “अहो, मला दिसतंय,” ती म्हणाली. मापाडीला हुंदका आवरेना.

रविवारी सकाळी तो आंघोळ करून आरशासमोर दाढी करत होता. बायको झोपायच्या खोलीतून निघाल्याचं त्याला तिच्या काठीवरून कळलं. पांढऱ्या काठीचं टोक फरशीवर टेकत टेकत ती चालायची. टक, टक. त्या आवाजाची त्याला इतकी सवय होती, की घरात ती कुठे आहे हे त्याला न बघता कळत असे. टक टक पॅसेजमधून आली, बाथरूमवरून पुढे गेली, हॉलच्या उंबऱ्याशी पोचली आणि थांबली.

तो वाट बघत राहिला. ती का थांबली असावी? तोंडाला साबण तसाच ठेवून तो बाहेर आला.

ती थांबली नव्हती. हॉलच्या मधोमध चालत होती. काठी नेहमीसारखी डावीकडे, उजवीकडे फरशीवर आपटत होती. आवाज येत नव्हता.

“अहो,” ती म्हणाली, “इथे गालिचा घातलात का?” तिचा आवाज शेजारच्या घरातून यावा तसा पातळ आला.

“नाही गं.”

“मग काठी का वाजत नाही? मला भिंत कुठे आहे ते कळेना झालंय.” तिने काठी जोराने आपटली. फरशीवरचा ओरखडा मापाडीने डोळ्यांनी पाहिला.

४

मापाडी घाबरला, पण घाबरला की मोजायचं ही त्याची जुनी खोड. पहिला संशय त्याने स्वतःच्या कानांवर घेतला. सोमवारी कानाच्या डॉक्टरीण बाईंकडे गेला. त्यांनी तासभर तपासलं आणि म्हणाल्या, “आजोबा, तुमच्या वयाला न शोभणारे कान आहेत. माझ्या नवऱ्याला देता का?”

घरी येऊन त्याने वही उघडली. स्वतः हॉलमध्ये टाळी वाजवली: खणखणीत. बायकोने वाजवली: काही नाही. स्वयंपाकघरात तिने वाजवली: खणखणीत. रिसीव्हर बंद करून, प्लग काढून पुन्हा हॉलमध्ये वाजवली: काही नाही. मग त्याने तिच्या हातात स्टीलचा पेला दिला आणि सोफ्यावरून फेकायला सांगितलं. पेला फरशीवर पडला, दोनदा उडाला, गडगडत दाराकडे गेला, आणि हे सगळं चित्रात घडावं तसं मुकाट घडलं. पेल्याने उंबरा ओलांडला मात्र, पॅसेजमध्ये तो ठणाठण वाजत भिंतीवर आदळला.

मापाडी जाऊन पेला उचलून घेऊन आला.

“एवढ्या लांब गेला?” तिने विचारलं. तिला पेला फक्त पॅसेजमध्येच ऐकू आला होता. आता हॉलमध्ये ती बोलली की मापाडीला तिच्या ओठांना कान लावावा लागत होता.

काय झालंय ते त्याला वहीतला रकाना भरताना समजलं. त्याने काट्यावर ठेवलं होतं ते रिकामं भांडं नव्हतंच. यंत्राला मात्र ते रिकामंच वाटलं. तिचा श्वास, तिची शाल, तिचं ‘संपलं का हो’, सगळं त्याने खोलीचं म्हणून ऐकलं आणि काटा शून्यावर आणला. हे खुळ्यासारखं आहे हेही त्याला कळत होतं. स्पीकर बंद असताना यंत्र कुणाचा आवाज काय म्हणून वजा करेल? पण एकतीस वर्षं त्याने लोकांना एकच गोष्ट सांगितली होती: माप चुकलं असेल तर वाद घालू नका, पुन्हा मोजा.

त्याने पुन्हा मोजायला घेतलं. बायकोला स्वयंपाकघरात बसवलं, घड्याळ काढलं, पंखा बंद केला, फ्रिज बंद केला. स्टँडवर माइक ठेवला आणि दाराबाहेरून रिमोटचं बटण दाबलं.

शिट्टी वाजलीच नाही. टीव्हीवर अक्षरं आली: खोलीत आवाज आहे. शांतता राखा.

हॉलमध्ये चिटपाखरू नव्हतं. त्याने खिडक्या लावल्या. पुन्हा तेच. शेजाऱ्यांना विनवून त्यांचा टीव्ही बंद करायला लावला. पुन्हा तेच. सात वेळा त्याने बटण दाबलं, आणि सातही वेळा रिकाम्या हॉलकडे बघत यंत्राने शांतता मागितली.

५

दुकानदार आला, त्याने त्याच्या पद्धतीने बघितलं. त्यालाही यंत्राने तेच सांगितलं. “कुणाला तरी बसवून मोजलंत का?” त्याने विचारलं. मापाडीने मान खाली घातली. दुकानदार रागावला नाही. त्याने फक्त कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली, आणि निघायची घाई केली. “रिसीव्हर घेऊन जातो. बघतो दुकानात.”

यंत्र गेलं, पण गेलेलं परत आलं नाही. उलट बुधवारी काठी पॅसेजमध्येही वाजेनाशी झाली. गुरुवारी झोपायच्या खोलीत. रोज सकाळी मापाडी खडूने फरशीवर रेघ मारायचा, इथपर्यंत तिचा आवाज येतो, आणि दुसऱ्या दिवशी ती रेघ पुसून मागे घ्यायचा. शेवटी उरली गॅलरी. मुलीचा रोज दुपारी फोन यायचा, तेव्हा तो बायकोला धरून गॅलरीत नेई आणि कठड्याशी उभं करी. तिथून तिला बोलता येई.

“आई, तू रडतेयस का?” मुलगी विचारायची.

“नाही गं. वारा आहे इथे.”

रविवारी गॅलरीही गेली. “बाबा, आईला द्या ना फोन,” मुलगी म्हणाली. “तिचा घसा बसलाय,” मापाडी म्हणाला. सोमवारीही घसा बसला होता, मंगळवारीही. तो तिला खाली रस्त्यावर घेऊन गेला, पार कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत. गाड्यांचे भोंगे, दुकानाचं शटर, सगळं जग वाजत होतं. त्यात एक पांढरी काठी तेवढी फुटपाथवर नुसती हलत होती.

नजर गेली तेव्हा ती रडली नव्हती. “कान आहेत ना,” असं म्हणाली होती. काठी वाजली की तिला भिंत कळायची, उंबरा कळायचा, खोली केवढी आहे ते कळायचं. आता मापाडी बोलला तर तेवढं तिला ऐकू येई, पण आपली पावलं, आपला श्वास, आपला घास चावल्याचा आवाज यातलं काही तिला येत नव्हतं. ती सोफ्याचा हात घट्ट धरून बसून राहायची. सोडला तर आपण उरणार नाही, असं तिला वाटत असावं.

ती त्याच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढू लागली. चित्रकलेच्या बाईंचं बोट, वळण अजून सुरेख होतं. एकदा तिने लिहिलं: मी बोलतेय का?

“बोलतेयस की,” मापाडी म्हणाला. “चांगली खणखणीत.” आयुष्यात त्याने पहिल्यांदाच कुणाला खोटं माप दिलं.

मग तिने लिहिलं: मागे कोण आहे?

६

दुकानदाराने रिसीव्हर परत पाठवला. सोबत चिठ्ठी होती, यंत्रात दोष नाही. फोन केला तर त्याने उचलला नाही.

मापाडीने तो पुन्हा जोडला, दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. दुपारचे तीन वाजले होते, खिडकीतून ऊन सोफ्यावर आलं होतं. बायको तिच्या जागी बसली होती. सिनेमा लावलेला नव्हता, काहीच लावलेलं नव्हतं. तरी वायर खोचताना त्याचं डोकं मागच्या डाव्या स्पीकरजवळ गेलं आणि त्याला आत काहीतरी हलल्यासारखं वाटलं. त्याने जाळीला कान लावला.

टक, टक.

फार लांबून, फार बारीक. काठी कुठल्यातरी मोठ्या मोकळ्या जागेत चालली होती. मग पेला पडला, दोनदा उडाला, गडगडला. मग टाळी. मग तिच्या आवाजात, “संपलं का हो?” तिने हॉलमध्ये केलेला एकेक आवाज तिथे होता, काही म्हणजे काही वाया गेलं नव्हतं. मापाडीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने कान आणखी दाबला.

तेव्हा त्याला बाकीचे ऐकू आले. कुणीतरी म्हातारा खाकरला. कुणाच्या तरी चपला घासत गेल्या. एक बाई हळू आवाजात कुणाला तरी हाक मारत होती, थांबत होती, पुन्हा मारत होती, आणि ती हाक बऱ्याच वर्षांपासून चाललेली आहे हे तिच्या कंटाळ्यावरून कळत होतं. मापाडीने डोकं झटक्याने मागे घेतलं.

त्याने बायकोकडे पाहिलं. तिने मान वळवून तोंड मागच्या भिंतीकडे केलं होतं, आणि तिचे ओठ हलत होते. ती बोलत होती. मध्ये थांबून ऐकत होती आणि मग मान डोलवून पुन्हा बोलत होती.

“अगं,” तो ओरडला. “अगं, इकडे बघ! मी इथे आहे!”

ती फिरली. तिने चाचपडत त्याचा हात शोधला, तळहात उघडला आणि लिहिलं: फार गर्दी आहे. भीती वाटते. या ना.

बत्तीस वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे कधी असं काकुळतीने काही मागितलं नव्हतं. मापाडीने माइक उचलला, तिच्या शेजारी बसला, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि माइक दोघांच्या मधोमध धरला. तो मोजण्यातला माणूस होता, आपण काय करतोय ते त्याला पुरतं ठाऊक होतं. या वेळी यंत्राने शांतता मागितली नाही. पाचही शिट्ट्या वाजल्या.

माप पूर्ण झालं.

“अहो,” बायको म्हणाली.

स्वच्छ, अगदी कानाशी, नाकात थोडं बोलण्याच्या तिच्या लकबीसकट. “अहो, मला माझा आवाज येतोय.” मापाडीने तिला घट्ट धरलं. दोघं हसत होते, रडत होते, एकमेकांना पुन्हा पुन्हा हाका मारत होते. तिने काठी घेऊन फरशीवर आपटली, टक, आणि लहान मुलीसारखी पुन्हा पुन्हा आपटत राहिली.

मग मापाडीच्या मानेवर कुणीतरी श्वास सोडला.

त्याने मागे पाहिलं. सोफा, दोन फूट सात इंच, भिंत. तिथे कुणी नव्हतं. म्हातारा खाकरला, त्याच्या उजव्या कानाच्या अगदी मागे.

“आले ना ऐकू?” बायको हळूच म्हणाली. “इतके दिवस मी यांच्यातच बसलेय.”

७

दुपारचा फोन वाजला.

“हॅलो? बाबा?” मुलगी म्हणाली. मापाडी बोलला. “हॅलो? बाबा, आवाज येत नाहीये.” मापाडी ओरडला, बायको ओरडली, मागच्या त्यांच्यापैकीही कुणीकुणी बहुतेक ओरडलं. “हॅलो? नुसतं खर्र खर्र होतंय. आई आहे का तिथे? बाबा, बोला ना!”

त्याने फोन ठेवला आणि मेसेज लिहिला: येऊ नकोस. आम्ही बरे आहोत. यंत्राला हात लावू नकोस.

बापाचा असा मेसेज आल्यावर कुठली मुलगी घरी बसेल? तिचं उत्तर लगेच आलं: निघाले.

यंत्र फोडून टाकावं म्हणून मापाडीने दोनदा हातोडी उचलली. पण ते फुटलं आणि बायकोचा आवाज पुन्हा गेला तर? नुसता प्लग काढायचीही त्याला छाती झाली नाही. ती बोलत होती. फार वर्षांनी बोलायला मिळाल्यासारखी ती बोलतच होती, आणि तो ऐकत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. सोफ्यावर आईबाप बसलेले, दोघांची तोंडं हलतायत, आणि घरात नळाच्या थेंबाशिवाय आवाज नाही. तिच्या हातातली पिशवी गळून पडली. धावत येऊन तिने आईचं तोंड दोन्ही हातांत धरलं. आईने तिच्या तळहातावर लिहायला घेतलं: यंत्र, माइक, माप. मापाडी वहीपेन्सिल आणायला स्वयंपाकघरात धावला. त्याला तिला सगळं नीट, क्रमाने, आकड्यांसकट लिहून द्यायचं होतं.

“यंत्र?” हॉलमधून मुलीचा आवाज आला. “आई, एका यंत्राला घाबरून तुम्ही दोघांनी बोलणं टाकलंत? अगं, मनाचे खेळ आहेत हे. थांब, तुला दाखवतेच. हे बघ, मी इथे तुझ्याजवळ बसते, हा माइक हातात धरते, आणि दाबते बटण. काहीही होत नाही.”

“नको!” बायको किंचाळली. “अगं नको! अहो, धावा!”

मापाडीला ते ऐकू आलं. मुलीला आलं नाही. पहिली शिट्टी वाजली. तो पॅसेजमधून धावत सुटला, ओरडत सुटला. दारात पोचला तेव्हा मुलीने त्याच्याकडे बघून हसून ओठांवर बोट ठेवलं. श्श, बाबा. मोजतेय. आईने तिच्या दंडाला धरून तिला गदागदा हलवलं, तर तिने तिला प्रेमाने आणखी जवळ घेतलं. तिसरी शिट्टी. चौथी. मापाडीने वायरीवर झडप घातली आणि ती उपटली तेव्हा टीव्हीवर अक्षरं आलेली होती.

“बघा,” मुलगी म्हणाली. “झालं काही?”

“काय केलंस हे बाळा,” तिची आई म्हणाली.

मुलीने चमकून वळून पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला, की मापाडीला बघवेना. “आई! आई, तुझा आवाज आला! बाबा, ऐकलंत का, आई बोलली!” तिने आईला मिठी मारली, तिचे मुके घेतले, बापाला हाताला धरून ओढत जवळ बसवलं. “काही नव्हतंच हो! नुसती भीती होती!”

तिचा फोन वाजला. जावई होता. तिने घाईघाईने फोन स्पीकरवर टाकला. “अरे, ऐक, आई बरी आहे! बोलतेय! थांब, तुला देते.”

“हॅलो?” जावई म्हणाला. “पोचलीस का? हॅलो?”

“अरे बोलतेय ना मी!”

“हॅलो? अगं, आवाज येत नाहीये. खर्र खर्र होतंय नुसतं.” तो थोडा वेळ ऐकत राहिला. मुलीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं होतं, पण तिची मान हळूहळू मागच्या भिंतीकडे वळत होती. “तिथे एवढी माणसं कोण जमलीयत?” जावई म्हणाला. “काय झालंय? हे बघ, घाबरू नकोस. मी निघतोच.”

सोफा आणि भिंतीमधल्या दोन फूट सात इंचांत कुणीतरी सरकून जागा करून दिली.